अप्पांचा परवाना आणि अर्धं कुपन-बुक: जुन्या मुंबईतले जिमखाने, परमिट रूम आठवणारे कोणी आहे का?

गिरगावची लेक:

नमस्कार मंडळी. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक आवरताना दोन वस्तू हाती लागल्या, त्यांच्याबद्दल विचारायचं आहे. पहिली म्हणजे 1974 सालचा दारू पिण्याचा परवाना, फोटो आणि शिक्क्यासकट. दुसरी म्हणजे मरीन लाइन्सच्या एका जिमखान्याचं कुपन-बुक, अर्धं वापरलेलं. जिमखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

परवान्याचं एक वेळ समजू शकते. अप्पा फोर्टातल्या बँकेत कारकून होते. शनिवारी अर्धा दिवस भरला की मित्रांबरोबर कुठेतरी बसून येत आणि येताना आईसाठी गजरा आणत. आईला माहीत होतं, आम्हाला मोठेपणी कळलं. पण जिमखाना? आम्ही चाळीतली माणसं. अप्पांनी आयुष्यात टाय लावला तो एकदाच, स्वतःच्या लग्नाच्या स्वागत समारंभात. अशा ठिकाणी सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या लागतात आणि वर्षानुवर्षं नंबर लागत नाही असं ऐकून आहे. मग हे कुपन-बुक त्यांच्याकडे आलं कसं? पहिल्या पानावर त्यांचंच नाव आहे, त्याच्या पुढे क्रमांक, आणि क्रमांकाआधी इंग्रजी 'पी'.

अप्पा घरात या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यांचे एक मित्र, आमचे वसंतकाका, अजून आहेत, पण त्यांना आता फारसं आठवत नाही. ती शनिवारची दुपार कशी असेल, हे कोणी तिथे बसलेल्या माणसाने सांगितलं तर फार बरं वाटेल.

ओव्हल मैदान:

परवान्यापुरतं मी सांगतो. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याच्याही आधी, 1939 च्या ऑगस्टात, काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने शहरात एकदा दारूबंदी करून पाहिली होती, ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मात्र कायदा पक्का झाला. त्या काळात प्यायची तर प्रकृतीसाठी आवश्यक आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून परवाना काढायचा, नाहीतर चोरून. परदेशी पाहुण्यांना आणि परवानेवाल्यांना हॉटेलात एका वेगळ्या खोलीत बसून घेता यायची. साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना नियम सैल होत गेले आणि सत्तरच्या दशकात गल्लोगल्ली परमिट रूम दिसायला लागल्या. तुमच्या वडिलांचा परवाना त्या वेळचा. कायदा आजही उभा आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. बिअरला वयाची अट 21, कडक दारूला 25.

आता तुमच्या वडिलांच्या पिढीच्या फोर्ट-चर्चगेटबद्दल. माझे काका त्या भागात पियानो ट्यून करत, त्यामुळे लहानपणी मी त्यांच्याबरोबर दुपारच्या वेळी बंद हॉटेलांत पुष्कळ फिरलो आहे. चर्चगेट स्टेशनपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या रस्त्यावर अ‍ॅस्टोरिया, गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसेडर, रिट्झ अशी एकापुढे एक ठिकाणं होती आणि प्रत्येक ठिकाणी बँड. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. तेच लोक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे संगीतकार सी. रामचंद्र चितळकरांचे सहायक होते, म्हणजे आपल्या चितळकरांच्या गाण्यातला तो झणझणीत ब्रास थेट हॉटेलातल्या नाचाच्या फरशीवरून आलेला आहे. दारूबंदीच्या ऐन भरात हे बँड चहा-कॉफीवर चालले, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. लोक निव्वळ ऐकायला आणि नाचायला येत.

पुढे कुलाब्यात स्लिप डिस्क नावाचा डिस्को आला. 1972 साली लेड झेपेलिन या रॉक बँडचे रॉबर्ट प्लँट आणि जिमी पेज तिथे वाजवून गेले. मी तेव्हा शाळेत होतो. काकांनी सांगितलं तेव्हा ते कोण हेही मला कळलं नव्हतं.

जिमखान्याचं मात्र मला सांगता येणार नाही. त्या पांढऱ्या कठड्याच्या आत मी कधी गेलो नाही.

बारमागचा माणूस:

ताई, मी सांगतो आणि नातू टाइप करतो. काही राहिलं तर परत विचारा.

मी संगमेश्वरकडचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मामाच्या ओळखीने एका जिमखान्यात लागलो. आधी ग्लास धुवायला, मग बेअरा, मग बारमागे, आणि तिथूनच निवृत्त झालो. तुम्ही म्हणता तोच जिमखाना की शेजारचा, ते मीही लिहीत नाही. मरीन लाइन्सला ते एका ओळीत आहेत. पारशी, इस्लाम, हिंदू, पुढे कॅथलिक. इंग्रज साहेबांनी समुद्राकाठची जागा जातधर्मावर वाटून दिली, त्यावर हे उभे राहिले. आझाद मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखाना, तो 1875 चा, आणि तेव्हा तो फक्त गोऱ्यांचा. 1933 च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी त्याच मैदानावर झाली. लाला अमरनाथांनी 118 केल्या. ज्या क्लबात हिंदुस्थानी माणसाला सभासद होता येत नव्हतं, त्याच्या मैदानावर आपल्या माणसाने देशाचं पहिलं शतक ठोकलं. माझे वरिष्ठ हे सांगताना हातातला ग्लास खाली ठेवून सांगायचे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'पी'मध्ये आहे असं मला वाटतं. आमच्याकडे रजिस्टरात खेळाडू सभासदांच्या क्रमांकाआधी 'पी' असे. म्हणजे प्लेइंग मेंबर. जिमखान्याला पावसाळ्यातली क्रिकेटची कांगा लीग खेळायची असते, टीम लागते. श्रीमंतांच्या मुलांनी टीम भरत नाही. म्हणून गिरगाव, दादर, शिवाजी पार्कच्या चांगल्या पोरांना खेळाडू म्हणून घेत. त्यांना नंबर लावून थांबावं लागत नसे, वर्गणीही नाममात्र. तुमचे वडील बँकेत होते म्हणता. बँकांच्या टीम टाइम्स शील्डला, म्हणजे ऑफिसा-ऑफिसांच्या क्रिकेट स्पर्धेला, उतरत, आणि चांगला खेळणाऱ्याला बँका नोकरी देत. अप्पा क्रिकेट खेळत होते का? ते घरात कोणाला तरी विचारा.

मी एवढी वर्षं आत काढली, त्यात माझं एक मत पक्कं झालं. आपला मराठी माणूस क्लबात शिरला तो दोन दारांनी. एक मागचं, आमचं. रत्नागिरीहून येणारी पोरं मामा-काकांच्या शब्दावर लागत. दुसरं मैदानाच्या बाजूचं, बॅट घेऊन येणाऱ्यांचं. पुढच्या दाराने, कोणीतरी नाव सुचवलं आणि कोणीतरी अनुमोदन दिलं, असे आलेले फार थोडे, आणि तेही बरंच उशिरा. मैदानाच्या दाराने येणाऱ्यांकडे आमचं विशेष लक्ष असे. ते आमच्यासारखंच बोलत. मॅच संपल्यावर पॅव्हेलियनच्या पायरीवर पॅड सोडत बसत आणि आत यायला संकोचत. मी आतून ट्रे बाहेर घेऊन जायचो, म्हणायचो, साहेब, आत पंखा आहे. 'साहेब' म्हटल्यावर पोरं लाजायची.

कुपनांचं असं होतं की क्लबात रोख चालत नाही. आजही बऱ्याच ठिकाणी तसंच असेल. सभासद चिटवर सही करतो आणि महिन्याचं बिल घरी जातं. खेळाडू सभासदाला मात्र आमच्याकडे उधारीची सवलत नव्हती. त्याने आधी ऑफिसात पैसे भरून कुपन-बुक घ्यायचं आणि त्यातली पानं फाडून द्यायची. म्हणून तुमच्याकडे कुपनं आहेत, चिटा नाहीत. सही करणाऱ्याने तीन महिने बिल भरलं नाही तर त्याचं नाव नोटीस बोर्डावर लागायचं. मोठमोठी नावं तिथे लागलेली पाहिली. कुपनवाल्याचं नाव कधी लागलं नाही.

आता दुपार कशी असे ते सांगतो. सकाळी बर्फाची लादी यायची, भुशात गुंडाळलेली. ती धुऊन टोच्याने फोडायची. खडा मोठा ठेवायचा, बारीक बर्फ पेगमध्ये लगेच पाणी होतो. ग्लास गरम पाण्यातून काढून सुती फडक्याने कोरडे करायचे आणि खिडकीकडे धरून पाहायचे. सोडा ड्यूकचा. भायखळ्याचे जुने सभासद पालनजीचा मागायचे. माप तीस आणि साठचं, स्टीलचं. ओतताना माप ग्लासाच्या काठाला लागता कामा नये हे पहिलं शिकवलं. दुसरं शिकवलं ते, की सभासदाने काय घ्यायचं ते त्याला विचारायचं नाही, ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. कोणी जिन, लाइम कॉर्डियल आणि सोडा. कोणी रम आणि ड्यूकचं पाइनॅपल. एक वयस्क डॉक्टर होते, त्यांना ग्लासात बिटर्सचे चार थेंब फिरवून, ते झटकून टाकून, मग जिन लागायची. त्यांनी तोंडाने कधी ऑर्डर दिली नाही. खुर्चीत बसले की मी सुरुवात करायचो.

प्रत्येक पेगचा हिशेब रजिस्टरात. कोणत्या परवान्यावर किती, कोणती बाटली कधी फोडली, किती उरली. एक्साइजचा इन्स्पेक्टर कधीही येई. आमच्यासारख्या क्लबचं लायसन्स एफएल-फोर, बाहेरच्या परमिट रूमचं एफएल-थ्री, देशीचं सीएल-थ्री. आम्ही स्टाफमध्ये माणसाची ओळखसुद्धा अशी सांगायचो, 'तो थ्रीमधून आलाय'. शेट्टी लोकांच्या परमिट रूममधून आलेली पोरं हाताने फार जलद असत. क्लबात आल्यावर त्यांना सावकाश चालायला शिकवावं लागे.

कपड्यांचे नियम कडक. कॉलर पाहिजे, पायात बूट पाहिजे. झब्बा-पायजमा, कोल्हापुरी, काही चालत नसे. हे सगळ्याच मोठ्या क्लबांत होतं. 1988 साली एम. एफ. हुसेन अनवाणी गेले म्हणून त्यांना विलिंग्डनमध्ये आत घेतलं नाही, ते पेपरात गाजलं. तो क्लब मुळात गव्हर्नर विलिंग्डनने गोऱ्यांना आणि हिंदुस्थानी लोकांना एकत्र बसता यावं म्हणून काढलेला. आणि हेही सांगतो, सीसीआयमध्ये, म्हणजे ब्रेबोर्न स्टेडियमच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये, चौदा-पंधरा वर्षांच्या सचिनला ड्रेसिंग रूममध्ये येता यावं म्हणून राजसिंह डुंगरपूरांनी वयाचा नियम बाजूला ठेवायला लावला. नियम बदलता येतो. बदलावासा वाटणारा माणूस आत बसलेला असावा लागतो.

सीसीआयचीच आणखी एक गोष्ट. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला ब्रेबोर्नवर जास्त तिकिटं हवी होती, क्लब देईना. शेषराव वानखेड्यांनी मनावर घेतलं आणि हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधून काढलं. 1975 च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झाली. आमच्या बारमध्ये त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. सभासद चिडलेले, आणि पँट्रीत आम्ही सगळे वानखेड्यांच्या बाजूचे.

गिरगावची लेक:

काका, तुमचं वाचून मी वसंतकाकांना फोन केला. नुसतं "अप्पा क्रिकेट खेळायचे का?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "खेळायचा म्हणजे? विकेटकीपर होता!" आणि मग थांबेनातच. बँकेच्या टीममध्ये होते, टाइम्स शील्ड खेळले, आणि पावसाळ्यात जिमखान्याकडून कांगा. अंगठा मोडला तेव्हा सोडलं. अप्पांचा उजवा अंगठा वाकडा होता. लहानपणी विचारलं तर सांगत, दारात सापडला. आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं.

काकांकडे टीमचा एक फोटोही आहे म्हणे. रविवारी जाऊन बघणार आहे.

अजून विचारते. अप्पा अर्धं पुस्तक तसंच ठेवून परमिट रूममध्ये का जात असतील? काका सांगतात, शनिवारी ते जात फोर्टातल्या एका परमिट रूममध्येच.

लालबागकर:

ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून लिहितो. या धाग्यावर क्लबचं जे हळवेपण चाललंय ते मला झेपत नाही. पुण्यात दलित गोलंदाज पळवणकर बाळू हिंदूंच्या संघाला मॅचेस जिंकून देत होते तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कपात मिळत होता. हाही जिमखान्याचाच इतिहास आहे, आणि तो साहेबाने नाही, आपल्याच लोकांनी केलेला.

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आमच्याकडे क्लब नव्हता, देशीचा बार होता. संत्रा, मोसंबी, पत्र्याचं टेबल, चकण्याला उकडलेले चणे नाहीतर मिठाची चिमूट. दुसरी पाळी सुटली की बार भरायचा. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर बायका उभ्या असायच्या, पाकीट बाराआधी हातात यावं म्हणून. माझी आईही उभी असायची. वडील तिला पाकीट देत, त्यातून ती त्यांना मोजून पैसे परत देई, मग ते जात. आमचं घर त्यामुळे टिकलं. 1982 च्या संपानंतर तेही गेलं. पगारच नाही तर पाकीट कुठलं? पण बार रिकामा झाला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. घरातली भांडी गेली, बार चालू राहिला.

पुढे त्याच गिरण्यांच्या आवारात पब आले. कमला मिलमध्ये 2017 च्या डिसेंबरात आग लागून 14 माणसं गेली. माझी मुलगी तिथल्याच एका ऑफिसात काम करते. ती मित्रमैत्रिणींबरोबर त्या भागात जाते, मला सांगून जाते, वेळेवर येते. तिच्या बसण्याला माझा विरोध नाही. तिच्या आजोबांना त्याच आवारात पाणी प्यायलाही जॉबरची परवानगी काढावी लागे, आणि पुढे जॉबर झाल्यावर दुसऱ्यांना ती परवानगी ते देत. हे तिला माहीत असावं एवढंच वाटतं, म्हणून मी तिला तिथे उभं करून कुठे साचे होते, कुठे भोंगा होता, ते दाखवलं आहे.

गावठाण:

लालबागकर, तुमचं वाचून माझंही लिहावंसं वाटलं. मी वांद्र्याच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. दारूबंदीच्या काळात घरात चोरून दारू विकणाऱ्या ज्या 'आँटी'च्या गोष्टी लोक रंगवून सांगतात, तशी एक आँटी माझी आजी होती.

आजोबा गोदीत अपघातात गेले. तीन मुलं पदरात. शिवणकामावर भागेना. मागच्या पडवीत दोन बाकं टाकली आणि सुरुवात केली. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात सडवून पिंपं जमिनीत पुरायची, मग भट्टी लावायची. पहिली धार वेगळी काढून ठेवायची. ती ख्रिसमसला आणि बारशाला लागणाऱ्या खिमडसाठी, म्हणजे आमच्या मसाल्याच्या गरम दारूसाठी, गिऱ्हाइकाला नाही. बाहेरून टायरच्या ट्यूबमध्ये भरून येणारा माल आजीने कधी घेतला नाही. त्यात काय असेल ते सांगता येत नाही म्हणायची. किती बरोबर होती! 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, तेव्हा आईला तेच आठवलं.

गिऱ्हाईक सगळ्या थरातलं. टॅक्सीवाले, कारकून, पेपरात लिहिणारे, स्टुडिओतले वादक. बाकावर जागा मिळेल तिथे बसायचं. आजीचे नियम क्लबपेक्षा कमी नव्हते. शिवी नाही. दोनच्या वर तिसरा ग्लास तिला वाटलं तर. चर्चची अँजेलसची, संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली की सगळ्यांनी उभं राहायचं, हिंदू असो, मुसलमान असो. आणि सातनंतर बंद, कारण मुलांचा अभ्यास. हप्ता द्यावा लागे. तो देऊनही ती दोनदा लॉकअपमध्ये राहून आली. आईला शाळेत त्यावरून चिडवत. आई शिकली, नर्स झाली, ती त्याच पैशांवर. तरी तिने आयुष्यभर त्या पडवीबद्दल घराबाहेर तोंड उघडलं नाही. म्हणून 'आँटीचा अड्डा' असं कोणी मजेने म्हणालं की मला तिचा चेहरा दिसतो. मी हे लिहिते आहे कारण आजीने जे केलं ते मला लपवायचं नाही.

धोबीतलावच्या कुडांबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. गोव्याच्या एकेका गावाचा एकेक क्लब, जेर महालसारख्या इमारतींमध्ये. बोटीवरून उतरलेला खलाशी तिथे ट्रंक ठेवून राहायचा, भिंतीला सगळ्यांच्या ट्रंका, समोर वेदी, रात्री सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. आजोबांचे मित्र तिथले होते. पाटीवर 'क्लब' लिहिलेलं, आणि सभासद व्हायला एकच अट, त्या गावचं असायचं.

बारमागचा माणूस:

लालबागकर, तुमचं बरोबर आहे. मी आतला माणूस असून सांगतो. स्टाफला जेवणाची ताटं वेगळी, दार वेगळं, आणि पुढच्या व्हरांड्यातून चाललो तर सेक्रेटरी बोलवून घेई. मला त्या जागेवर प्रेम आहे ते तिथल्या कामासाठी. काम नीट करायला मी तिथे शिकलो आणि त्या कामावर दोन मुलं शिकली. क्लब चांगला होता असं मी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही.

बाई, तुमच्या आजीचे नियम वाचले. तिसरा ग्लास कोणाला द्यायचा हे ज्याला कळतं तो खरा बारमागचा माणूस. मला ते कळायला फार वर्षं लागली.

आता गिरगावच्या ताईंचा प्रश्न, अप्पा क्लब सोडून परमिट रूममध्ये का जात. मला यात काही नवल वाटत नाही. खेळाडू सभासद मॅचच्या दिवशी क्लबचा. बाकीच्या दिवशी तो आत आला तर त्याला कोणी अडवत नसे, पण कोणी बसही म्हणत नसे. कार्ड रूममध्ये पैसे लावून चालायचं, बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती ठरलेली माणसं. शिवाय पाहुण्याला आणायचं तर गेस्ट फी. अप्पांना मित्रांबरोबर बसायचं होतं, आणि वसंतकाकांना आत न्यायचं तर कुपनं दुप्पट फाटणार.

परमिट रूममध्ये त्यांना सगळं मिळे. मी स्वतः ड्यूटी संपल्यावर फोर्टातल्या अशाच एका ठिकाणी बसायचो, म्हणून सांगतो. शनिवारी दीड-दोनच्या सुमाराला बँका, इन्शुरन्स, पोर्ट ट्रस्ट सुटायचे आणि टेबलं भरायची. लाकडी अर्ध्या भिंती, वर पंखा, संगमरवरी नाहीतर सनमायकाचं टेबल. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. नाइंटी ओल्ड मंक दोघांत, नाहीतर लंडन पिल्सनरची एक बाटली तिघांत. चकण्याला शेंगदाणे, काकडी, हातात पैसे असतील त्या आठवड्यात बोंबील. वेटर तुमचं ऑफिस, तुमची बढती, मुलीची दहावी सगळं लक्षात ठेवी. महिनाअखेरीला पैसे कमी पडले तर पाटीवर खडूने लिहून ठेवत, पहिल्या तारखेला पुसत. क्लबात साहेबाला सहीवर मिळायचं, ते इथे कारकुनाला त्याच्या तोंडओळखीवर मिळत होतं. आणि इथे कॉलर नको, बूट नको, कोणाचं अनुमोदन नको. नुसता परवाना पुरे.

कुपन-बुक त्यांनी तरी जपून ठेवलं. कांगा लीग खेळलेला माणूस ते फेकणार नाही. मुंबईत पावसात, गवताने गुडघे झाकलेल्या मैदानावर, ओल्या चेंडूवर विकेटकीपिंग करणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. मी तो खेळ बारच्या खिडकीतून बघितला आहे. अंगठे असेच जातात.

एक विनंती आहे. तुम्ही रविवारी फोटो बघणार म्हणालात. त्या काळचे टीमचे फोटो पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर काढत, आणि कधी कधी मागच्या रांगेच्या कडेला पांढऱ्या कोटातले एक-दोघं बेअरे उभे राहत. खाली छापलेल्या नावांत ते नसत. फोटोत असे कोणी असतील तर नातवाकडे मेसेज करून पाठवा. 1970 नंतरचा फोटो असेल तर ती नावं मी सांगू शकेन, गावासकट. तुम्ही ती फोटोच्या मागे लिहून ठेवा.